मंगनीआधीची एक चाचणी आणि एकशेवीस दिवसांचा हिशेब

आनंदनगरच्या एमआयडीसीत कामाला असलेले एक पालक मागच्या वर्षी शाळेत आले. मुलगा सातवीत, अभ्यासात बरा, पण दर तीन आठवड्यांनी दोन दिवस हमखास गैरहजर. आम्ही कारण विचारलं तर ते म्हणाले, "सर, अर्ज लिहून देतो, पण कारण वर्गात वाचू नका. घरात मेहुणीच्या रिश्त्याचं चाललंय."

कारण होतं थॅलेसेमिया मेजर. मुलाला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. नऊ महिन्यांचा असताना निदान झालं, तेव्हापासून आजपर्यंत. वडिलांच्या हातात एक जाडजूड फाईल होती. तिच्यात सगळं होतं, फक्त एक कागद नव्हता. या मुलाच्या आईवडिलांशिवाय घरातल्या दुसऱ्या कुणाचीही तपासणी झालेली नव्हती. मावशीची नाही, चाचांची नाही. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर "खानदानात बिमारी आहे" असं झालं असतं ना.

त्या दिवशी आम्ही अर्ज घेतला आणि गप्प बसलो. पण त्यानंतर हा विषय आमच्या डोक्यातून गेला नाही. म्हणून हा लेख. आपल्या घरांमध्ये जन्मजात आजार, आनुवंशिक तपासणी, जेनेटिक काउन्सेलिंग हे शब्द आले की लोकांना दोनच गोष्टी दिसतात: एक बदनामी आणि दुसरी गर्भपात. या दोन्हींच्या भीतीने लोक तपासणीपासूनच लांब राहतात. आणि लांब राहिल्यामुळे नेमकी तीच वेळ हातातून जाते जेव्हा काही करता आलं असतं.

उल्हासनगर आणि आपण

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात थॅलेसेमिया हा शब्द नवा नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ साली त्या कॅम्पाचं उल्हासनगर झालं. सिंधी समाजात या आजाराच्या वाहकांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे, हे डॉक्टरांना अनेक वर्षांपासून माहीत आहे. त्यामुळे त्या समाजात लग्नाआधी रक्त तपासून घ्या, असं सांगणारी शिबिरं होतात. आपले लोक ती बघतात आणि पुढे जातात. "ती सिंधी लोकांची बिमारी."

तसं नाही. भारतात सरासरी १०० माणसांमागे ३ ते ४ जण थॅलेसेमियाचे वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, गुजराती, बंगाली, लोहाणा अशा समाजांमध्ये प्रमाण अधिक. आता आपल्या मोहल्ल्याकडे बघा. कोकणातून आलेले, मराठवाड्यातले, उत्तर प्रदेशचे, बंगालचे, कच्छ-काठियावाडचे, सगळे एका मशिदीत एका सफेत उभे असतात. रक्त ज्या मुलखातून आलं तिथलंच असतं, धर्म बदलल्याने किंवा गाव बदलल्याने ते बदलत नाही. शिवाय बंगाल-आसामकडून येणारा हिमोग्लोबिन-ई आणि विदर्भ-नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल हेही थॅलेसेमियाच्याच जातीचे दोष आहेत. एका बाजूला थॅलेसेमिया आणि दुसऱ्या बाजूला यातला एखादा, अशी जोडी जमली तरी मूल आजारी होऊ शकतं.

वाहक म्हणजे रोगी नव्हे

इथे सर्वांत जास्त गोंधळ आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

प्रत्येक गुणाची सूचना आपल्या शरीरात दोन प्रतींमध्ये असते. एक अब्बूंकडून आलेली, एक अम्मीकडून. रक्तातलं हिमोग्लोबिन बनवायची सूचनाही अशीच. दोन प्रतींपैकी एकीत चूक असेल तर दुसरी प्रत काम भागवते. असा माणूस वाहक, म्हणजे थॅलेसेमिया मायनर. तो शाळेत जातो, नोकरी करतो, रोजे ठेवतो, त्याला कळतही नाही. फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी दिसतं. दोन्ही प्रतींमध्ये चूक आली तर मात्र मेजर. त्या मुलाचं शरीर पुरेसं हिमोग्लोबिन बनवूच शकत नाही, आणि साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या वयात हे उघड होतं. मूल पांढरं पडतं, वजन वाढत नाही, पोट फुगतं.

मायनरचा मेजर कधीच होत नाही. हे वाक्य आम्ही मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण "आज मायनर आहे, उद्या वाढेल" या भीतीने एक रिश्ता तुटलेला आम्ही स्वतः पाहिला आहे.

आता शक्यतेचं गणित. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेचा धडा आहे, सिकलसेलही त्यात आहे. मुलं पाठ करून मार्क घेतात आणि घरी जाऊन कुणाला काही सांगत नाहीत. आम्ही वर्गात दोन नाणी घेतो. एक नाणं वडिलांचं, एक आईचं. छापा म्हणजे चांगली प्रत, काटा म्हणजे चुकीची. दोन्ही नाणी एकदम उडवा. दोन्ही काटे पडण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के. एक छापा एक काटा, म्हणजे मूल वाहक, ही शक्यता ५० टक्के. दोन्ही छापे २५ टक्के. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात हेच गणित लागू पडतं.

प्रत्येक गरोदरपणात, हे शब्द महत्त्वाचे. कित्येक आईवडील चारात एक याचा अर्थ असा घेतात की पहिलं मूल आजारी झालं, म्हणजे आता पुढची तीन सुखरूप. नाण्याला मागचा डाव आठवत नाही. दुसऱ्या वेळीही २५ टक्के, तिसऱ्या वेळीही २५ टक्के.

आणि दोघांपैकी एकच वाहक असेल तर? तर एकही मूल मेजर होणार नाही. निम्मी मुलं वाहक होऊ शकतात, बस्स. म्हणून वाहक मुलीचा किंवा मुलाचा रिश्ता तोडायचं काही कारणच नाही. समोरच्याची एक चाचणी करायची आणि तो वाहक नसेल तर खुशाल वलीम्याची दावत ठरवायची.

या गणितात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती आपल्या घरातल्या बायकांसाठी फार मोलाची आहे. मेजर मूल जन्माला यायला दोन्ही बाजूंची चूक लागते. एकट्या आईमुळे ते होऊच शकत नाही. पण मूल आजारी निघालं की सासू म्हणते, "आमच्या खानदानात असं कधी नव्हतं." होतं, बी. तुमच्या मुलाच्या रक्तातही होतं, फक्त दिसत नव्हतं.

जाता जाता ग्रहणाचंही सांगून टाकतो. ओठ फाटलेलं बाळ जन्मलं की ग्रहणात सुरी धरली होती का, हा प्रश्न आपल्याही घरांमध्ये विचारला जातो. हुजूर (स.) यांचे साहेबजादे इब्राहीम यांच्या वफातीच्या दिवशी ग्रहण लागलं होतं, लोकांनी दोन्हींचा संबंध जोडला आणि हुजूरांनी (स.) तो तिथल्या तिथे नाकारला. चौदाशे वर्षं झाली त्याला.

खानदानी निकाह

चुलत, मामे, मावस भावंडांमध्ये निकाह जायज आहे, यावर चर्चा नको. आणि हे फक्त मुसलमानांत होतं असंही नाही. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न करणारी हिंदू घरं कितीतरी आहेत. पण जायज असणं आणि जोखीम शून्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाची हजारो कुटुंबं राहतात. तिथे झालेला मोठा अभ्यास २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. सर्वसाधारण जोडप्यांमध्ये जन्मजात दोष असलेल्या बाळांचं प्रमाण सुमारे ३ टक्के, तर सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या जोडप्यांमध्ये सुमारे ६ टक्के. दुप्पट, हे खरं. पण याचा दुसरा अर्थ असा की अशा १०० बाळांपैकी सुमारे ९४ बाळांना असा दोष नसतो. त्याच अभ्यासात चौतीस वर्षांपुढच्या गोऱ्या मातांमध्येही जोखीम अशीच जवळपास दुप्पट दिसली. म्हणजे "खानदानात लग्न केलं की मूल अपंगच होतं" हे चूक आणि "आमच्या आजोबांपासून करत आलोय, काही होत नाही" हेही चूक.

प्रश्न त्या विशिष्ट घराचा असतो. समजा एक मुलगी थॅलेसेमियाची वाहक आहे. तिच्या सख्ख्या चुलतभावाला तोच दोष आजोबा-आजीकडून मिळालेला असण्याची शक्यता साधारण आठात एक. बाहेरच्या घरातल्या मुलाची शक्यता पंचवीस-तीसात एक. आणि ज्या घरात मेजर मूल आहे, त्या मुलाच्या आईवडिलांच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाची वाहक असण्याची शक्यता तर दोनात एक. त्या पालकांच्या मेहुणीची, जिचा रिश्ता चालला होता, शक्यता हीच होती. दोनात एक. आणि तिलाच काही सांगितलेलं नव्हतं.

चाचणी कुठली

थॅलेसेमियासाठी सुरुवात साध्या सीबीसीपासून होते. त्यात लाल पेशींचा आकार दाखवणारा एमसीव्ही नावाचा आकडा असतो. तो ८० पेक्षा कमी किंवा एमसीएच २७ पेक्षा कमी असेल तर पुढची चाचणी करायची. तिचं नाव एचपीएलसी, काही लॅबवाले तिला हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस असंही म्हणतात. त्यात हिमोग्लोबिन ए-टू नावाचा भाग मोजतात. तो साधारण साडेतीन-चार टक्क्यांच्या वर असेल तर माणूस बहुधा बीटा थॅलेसेमियाचा वाहक. ही चाचणी आयुष्यात एकदाच करायची असते.

यात दोन खाचखळगे आहेत. शरीरात लोह फार कमी असेल तर ए-टूचा आकडा फसवा, थोडा खाली येऊ शकतो. म्हणून अहवाल काठावरचा असेल तर डॉक्टर लोहाची तपासणी करून पुन्हा बघतात किंवा डीएनए तपासणी सांगतात. दुसरं म्हणजे, आजारी मुलाला रक्त चढवण्याआधीच त्याचा नमुना घ्यायला हवा. नंतर घेतला तर त्यात रक्तदात्याचं हिमोग्लोबिन मोजलं जातं. घाईत हे राहून जातं आणि निदान महिनोन्‌महिने लांबतं.

आणखी एक. "मला कायमच ॲनिमिया आहे, लोहाच्या गोळ्या खाऊन हिमोग्लोबिन वाढतच नाही" असं सांगणाऱ्या बायका प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांतल्या काही वाहक असतील. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, गरोदर बाईने तर मुळीच नाही. पण डॉक्टरांना एवढं जरूर विचारा की एचपीएलसी एकदा करून बघायची का.

काउन्सेलिंगमध्ये काय होतं

लोकांना वाटतं तिथे लेक्चर मिळतं किंवा लग्न करू नका, मूल पाडा असा हुकूम मिळतो. प्रत्यक्षात समोरचा माणूस आधी कागदावर तुमच्या घराचा नकाशा काढतो. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, तीन पिढ्या. कोण कुणाचा चुलता, कुणाचा निकाह कुणाशी झाला, कुठलं मूल लहानपणी गेलं, कुणाला ऐकू येत नाही, कुणाचे दोन-तीन गर्भ आपोआप पडले. इथे लाजायचं नाही. वीस वर्षांपूर्वी गेलेल्या फुफीच्या बाळाची गोष्ट त्या कागदावर फार कामाची ठरू शकते. म्हणून जाण्याआधी घरातल्या बुजुर्ग बायकांजवळ बसा, त्यांनाच हे सगळं आठवत असतं. जुनी कागदपत्रं, आजारी मुलाचे अहवाल सोबत न्या. शक्य असेल तर नवरा-बायको दोघांनी जा, एकटीला पाठवू नका.

त्यानंतर तो सांगतो की तुमच्या घरातला आजार आनुवंशिक आहे का, असेल तर कसा उतरतो, पुढच्या मुलाला किती शक्यता आहे आणि कुठल्या तपासण्या आहेत. निर्णय तुमचा. चांगला समुपदेशक तुम्हाला ढकलत नाही. तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय नातेवाइकांना देणंही त्याच्या कामात बसत नाही. म्हणून नातेवाइकांना सांगायची जबाबदारी आपल्यावर येते.

प्रत्येक जन्मजात दोष आईवडिलांकडून उतरलेला नसतो, हेही तिथे कळतं. डाउन सिंड्रोम बहुतेक वेळा उतरत नाही. एक गुणसूत्र जास्त येतं आणि आईचं वय वाढेल तशी शक्यता वाढते. पाठीच्या कण्याचे काही दोष फॉलिक ॲसिडच्या गोळीने बऱ्याच अंशी टळतात, पण ती गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायची असते. जन्मजात बहिरेपणाचे काही प्रकार मात्र थॅलेसेमियासारखेच उतरतात, आणि एकाच खानदानात दोन-तीन मुकी-बहिरी मुलं दिसतात त्यामागे बहुधा हेच असतं.

एकशेवीस दिवस

आता खरा मुद्दा. आमच्या अनुभवात आपली घरं इथेच अडकतात, आणि मसल्यापेक्षा कॅलेंडरमुळे जास्त अडकतात.

राबिता-ए-आलमे-इस्लामीच्या मक्केतल्या फिकह अकादमीने १९९० मध्ये या विषयावर निर्णय दिला. जाणकार डॉक्टरांच्या समितीने गर्भात गंभीर, बरा न होणारा दोष आहे असं सांगितलं आणि आईवडिलांची मागणी असेल तर एकशेवीस दिवस पूर्ण होण्याआधी गर्भपाताची मुभा. एकशेवीस दिवसांनंतर दोष असला तरी मुभा नाही, फक्त आईच्या जिवाला धोका असेल तर. सगळे उलेमा याच मताचे आहेत असं नाही, काहींचं मत याहून कडक आहे. आणि थॅलेसेमियावर आज इलाज होतो, मुलं मोठी होतात, शिकतात, लग्नं करतात, मग तो "गंभीर दोष" धरायचा का, यावरही मतभेद आहेत. इराणने २००५ च्या कायद्यात थॅलेसेमिया मेजर धरला. आम्ही मुफ्ती नाही, फतवा देत नाही. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा, आणि विचारताना डॉक्टरांचा कागद सोबत न्या, म्हणजे त्यांनाही नेमकं कशाबद्दल बोलतोय ते कळेल.

पण हिशेब आम्ही नक्की सांगू शकतो. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. गर्भ राहिल्यापासूनचे एकशेवीस दिवस म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबात सुमारे एकोणीस आठवडे.

आता तपासण्या बघा. गर्भाच्या वारेचा छोटा तुकडा घेऊन करतात ती सीव्हीएस, अकराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान. अहवाल यायला आणखी आठवडा-दोन आठवडे. म्हणजे पंधरा-सोळा आठवड्यांपर्यंत उत्तर हातात, विचार करायला, मुफ्तीसाहेबांकडे जायला, घरच्यांशी बोलायला वेळ उरतो. गर्भजलाची तपासणी मात्र सोळाव्या आठवड्यापासून पुढे होते. अहवाल येईपर्यंत एकशेवीस दिवस संपत आलेले असतात किंवा संपलेले असतात. या दोन्ही तपासण्यांत गर्भ पडण्याची थोडी जोखीम असते, अनुभवी हातांत साधारण शंभरात एकाहून कमी. ती विचारून घ्या.

सीव्हीएस अकराव्या आठवड्याला करायची तर आईवडिलांच्या डीएनएमध्ये नेमकी कुठली चूक आहे ते त्याआधी शोधून ठेवावं लागतं. त्याला वेळ लागतो. म्हणून दोघे वाहक असल्याचं दिवस राहण्याआधीच माहीत असणं सर्वांत उत्तम, आणि नसेल तर पाळी चुकल्याबरोबर पहिल्याच भेटीत एचपीएलसी. आपल्याकडे मात्र नाव नोंदवायला चौथ्या महिन्यात जातात. "नजर लागेल, तीन महिने कुणाला सांगू नका." मोहल्ल्याला नका सांगू, डॉक्टरला तर सांगा.

त्या सातवीतल्या मुलाच्या घरी हेच झालं. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा तपासणी करून घ्या असं सांगितलं गेलं ते पाचव्या महिन्यात. मुफ्तीसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला, किती दिवस झाले? तो प्रश्न ऐकून हे दोघे घरी परत आले. मुलगी झाली, वाहक आहे, आजारी नाही. वडील म्हणतात, "अल्लाहने वाचवलं." वाचवलंच. पण त्या चार महिन्यांत आई रात्री झोपली नाही, तेही ते सांगतात.

देशाचा कायदा याहून सैल आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, काही ठरावीक स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. गर्भात मोठा दोष असल्याचं वैद्यकीय मंडळाने सांगितलं तर त्यानंतरही. म्हणून डॉक्टर निवांत असतात, त्यांच्या कॅलेंडरमध्ये वेळ असतो. आपल्या कॅलेंडरमध्ये नसतो. हे डॉक्टरला आपणच पहिल्या भेटीत सांगायला हवं. अठरा ते वीस आठवड्यांत होणाऱ्या मोठ्या सोनोग्राफीबद्दलही तेच. ती अठराव्या आठवड्यातच करून मागा.

आणि गर्भपात करायचाच नाही असं ज्यांचं पक्कं ठरलं आहे त्यांनीही तपासणी का करावी, असा प्रश्न आम्हाला विचारतात. कारण वाहक असल्याचं माहीत असेल तर बाळाची तपासणी वेळेवर होते, ते पांढरं पडून दवाखान्यात पोचायची वाट बघावी लागत नाही. काही जण निकाहाआधी कळलं तर दुसरा रिश्ता बघतात, काही जण सगळं माहीत असूनही त्याच ठिकाणी निकाह करतात. सौदी अरेबियात २००४ पासून निकाहाआधी थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी सक्तीची आहे, पण अहवाल काहीही आला तरी लग्न करायचं की नाही ते जोडप्यावरच सोडलेलं आहे. इराणने १९९७ मध्ये ही तपासणी देशभर सुरू केली. तवक्कुल म्हणजे काय हे समजावताना उंट बांधायची हदीस आपण सगळेच सांगतो.

एक कायदेशीर भीतीही काढून टाकू. गर्भाचं लिंग तपासणं गुन्हा आहे, १९९४ च्या कायद्याने, आणि महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच देशात सर्वांत आधी असा कायदा केला होता. पण तोच कायदा आनुवंशिक आजारासाठी गर्भाच्या तपासणीला परवानगी देतो. नोंदणी झालेल्या केंद्रात, आईची लेखी संमती घेऊन. मुलगा की मुलगी हे सांगणार नाहीत, विचारूही नका.

जायचं कुठे

अंबरनाथच्या छाया रुग्णालयात किंवा उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात जाऊन स्त्रीरोग किंवा बालरोग विभागात थेट विचारा: थॅलेसेमियाची तपासणी करायची आहे, इथे होईल की चिठ्ठी देता? पुढच्या तपासण्यांसाठी परळ गाठावं लागतं. केईएमच्या आवारातच आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर देशात जिथे सर्वांत जुनं काम झालं अशा संस्थांपैकी ती एक. शेजारी लहान मुलांचं वाडिया रुग्णालय. सायन रुग्णालयात थॅलेसेमियाच्या मुलांसाठी डे-केअर आहे. केईएम हे केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणातलं उत्कृष्टता केंद्रही आहे, म्हणजे थॅलेसेमियाशिवायच्या विचित्र, नाव न ऐकलेल्या आजारांसाठीही तिथेच विचारायचं.

ज्यांच्या घरी मेजर मूल आधीच आहे त्यांच्यासाठी: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल तिन्ही आहेत, प्रमाणपत्र काढून ठेवा. रक्तासोबत शरीरात लोह साचतं आणि ते हृदय, यकृत बिघडवतं, म्हणून लोह काढणारी गोळी चुकवायची नाही. रक्त मिळालं की मूल हसतं-खेळतं आणि घरचे गोळी विसरतात, खरं नुकसान तिथे होतं. सख्ख्या भावंडाचा बोनमॅरो जुळण्याची शक्यता चारात एक असते. जुळला तर प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते. आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नका.

त्या पालकांशी आम्ही नंतर पुन्हा बोललो, या वेळी त्यांच्या घरी, मुलाची अम्मीही होती. दोन नाणी सोबत नेली होती. अम्मीनेच ती पाच-सहा वेळा उडवून बघितली. मग तिने बहिणीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मंगनीच्या आधी दोन्हीकडची रक्तं गेली. खाला वाहक निघाली, होणारे दुल्हेमियाँ नाहीत. त्यांच्या घरच्यांनी दोन दिवस विचार केला आणि तारीख कायम ठेवली.

वडिलांचे थोरले भाऊ बदलापूरला राहतात. त्यांच्या मुलीसाठी फुफीच्या मुलाचं बोलणं चाललंय. दोघांचीही तपासणी अजून झालेली नाही. आम्ही विचारलं तर म्हणाले, "सर, ईदनंतर बोलतो भाईजानशी."